मन सावरले, वजनाचे काय?

'डॉक्टर, आता झोप लागते, उगाच रडू येत नाही, कामात लक्ष लागते. पण चार महिन्यांत सगळे कपडे घट्ट झाले. या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?' मानसोपचारतज्ज्ञांना हा प्रश्न नवा नाही. पुष्कळ रुग्ण मात्र तो विचारतही नाहीत. लग्नकार्यात कोणीतरी 'तब्येत सुधारली हो!' असे सहज म्हणून जाते आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी कोणालाही न सांगता थांबते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते.

'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. म्हणूनच या औषधांचा वजनाशी असलेला संबंध नीट समजून घेणे आवश्यक आहे.

संबंध जुनाच

नैराश्यावरील औषधे आणि वजन यांचे नाते या औषधांइतकेच जुने आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध देण्यात आले. रुग्ण उल्हसित दिसू लागले, त्यांची भूक वाढली, वजनही वाढले. क्षयाने खंगलेल्या शरीराला ते वरदानच होते. पुढे १९५७ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी हे औषध नैराश्याच्या रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील गुण आढळला. क्षयरोग्याच्या बाबतीत जो गुण होता, तोच पुढे इतर रुग्णांच्या बाबतीत दोष ठरला.

दोष औषधाचा की आजाराचा?

वजन वाढले की बोट सर्वप्रथम गोळीकडे जाते; पण प्रत्येक वेळी दोष तिचा नसतो. नैराश्यात अनेकांची अन्नावरची वासना उडते. सहा-सात किलो वजन उतरलेला रुग्ण बरा होऊ लागला, की ते वजन परत येते. ही वाढ नव्हे, भरपाई आहे. याउलट काही रुग्णांना नैराश्यातच भूक अधिक लागते. ते जास्त झोपतात, गोड खात राहतात, घराबाहेर पडेनासे होतात. त्यांचे वजन गोळी सुरू होण्यापूर्वीच वाढू लागलेले असते.

आणखी एक शक्यता तपासलीच पाहिजे. थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावले, तर मन उदास होते आणि वजनही वाढते. रक्ताच्या साध्या तपासणीतून ते कळते. तसेच नैराश्यावरील औषधाच्या जोडीला ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट किंवा लिथियम दिलेले असेल, तर वाढीचा मोठा वाटा या जोड-औषधाचा असू शकतो.

भूक कशी चाळवते?

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग भूक आणि तृप्ती यांचे नियमन करतो. हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायने तेथे 'आता पुरे' असा निरोप पोहोचवतात. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे हिस्टामिनचा हा मार्ग अडवतात. मिर्टाझापिन तर हिस्टामिनबरोबर सेरोटोनिनचाही एक मार्ग रोखते. पोट भरले तरी समाधान होत नाही. भात-भाकरीपेक्षा गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ लागते. हिस्टामिन अडल्याने गुंगी येते आणि हालचाल मंदावते. जुन्या औषधांनी तोंडाला कोरड पडते आणि ती घालवण्यासाठी सरबते व शीतपेये पोटात जातात. त्यांतील साखर कोणी मोजत नाही.

अमिट्रिप्टिलिन केवळ नैराश्यासाठीच दिले जाते असे नाही. अर्धशिशी आणि मज्जातंतूंच्या वेदनांसाठीही ते रात्री घ्यायला सांगतात. त्यामुळे डोकेदुखीच्या रुग्णांनीही वजनाकडे लक्ष ठेवायला हवे.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन या नंतरच्या पिढीतील औषधांची तऱ्हा निराळी आहे. पहिल्या काही आठवड्यांत मळमळीमुळे वजन थोडे उतरतेही. त्यामुळे रुग्ण निर्धास्त होतो. वाढ होते ती त्यानंतर, हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने.

आकडे काय सांगतात?

'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये ब्रिटनमधील सुमारे दोन लाख ९५ हजार व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ वजनाच्या किमान पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत तीन किलो, इतकी वाढ औषध न घेणाऱ्यांत वर्षाला शंभरामागे सुमारे आठ जणांत, तर घेणाऱ्यांत सुमारे अकरा जणांत दिसली. हा धोका निदान सहा वर्षे टिकून होता. ही सारी वाढ औषधानेच झाली असे या अभ्यासावरून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही नमूद केले. मात्र वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याच्या वजनाकडे दुर्लक्ष करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

सर्व औषधे सारखी नाहीत. अमेरिकेतील एक लाख ८३ हजार रुग्णांच्या २०२४ मधील अभ्यासात सर्ट्रालिनच्या तुलनेत सहा महिन्यांत एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३०० ते ४०० ग्रॅम अधिक वाढले. फ्लुओक्सेटिन जवळपास बरोबरीत राहिले, तर ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत वाढ सर्वांत कमी होती. अमिट्रिप्टिलिन व मिर्टाझापिन ही वजन वाढवणाऱ्यांच्या रांगेत पुढे आहेत, हे २०१० मधील एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही दिसले होते. 'लॅन्सेट'मध्ये २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ३० औषधांची तुलना झाली. वजन सर्वांत घटवणारे अ‍ॅगोमेलॅटिन आणि सर्वांत वाढवणारे मॅप्रोटिलिन यांच्यात सुमारे चार किलोंचे अंतर आढळले.

सरासरी मात्र फसवी असते. ३०० ग्रॅमच्या सरासरीत कोणाचे वजन जराही हललेले नसते, तर कोणाचे आठ किलो वाढलेले असते. आपण कोणत्या गटात आहोत, ते वजनकाट्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

थोडी वाढही महत्त्वाची

भारतीयांच्या शरीरात चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती अधिक, आणि मधुमेहही तुलनेने कमी वजनात गाठतो. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढचा शरीरभारांक जास्त वजनाचा मानतात आणि २५ पासून स्थूलता धरतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा अंक मिळतो. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. घरात मधुमेहाचा इतिहास असेल, तर औषध सुरू होतानाच ते डॉक्टरांना सांगावे.

परस्पर गोळी थांबवणे, हा उपाय नव्हे

औषध एकाएकी थांबवले तर चक्कर, निद्रानाश, चिडचिड, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत तो विशेष जाणवतो. त्याहून मोठा धोका आजार उलटण्याचा. बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने उपचार चालू ठेवायचे, ते याचसाठी. वाढलेले पाच किलो पुढे उतरवता येतात. उलटलेल्या नैराश्यात मनात येणारा आत्मघाताचा विचार मात्र दुसरी संधी देईलच असे नाही.

डॉक्टरांपाशी पर्याय असतात. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, समुपदेशनाची जोड देता येते. अर्थात प्रत्येक पर्यायाची किंमत असते. ब्युप्रोपिऑनने वजन वाढत नाही. पण फेफरे येणाऱ्यांना ते चालत नाही. अ‍ॅगोमेलॅटिन घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. आणि भूक मेलेल्या, झोप उडालेल्या, हाडे दिसू लागलेल्या रुग्णासाठी मिर्टाझापिनचा तोच 'दोष' उपकारक ठरतो. म्हणून शेजारणीला मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल, असे समजू नये.

काय करावे?

* गोळी सुरू करण्यापूर्वीचे वजन आणि कंबरेचा घेर लिहून ठेवावा.
* पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दरमहा, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करावे.
* वजन पाच टक्क्यांनी वाढण्याची वाट न पाहता, दोन किलो वाढले की डॉक्टरांना सांगावे. थायरॉईड आणि रक्तशर्करेच्या तपासणीविषयीही विचारावे.
* तोंड कोरडे पडल्यास साधे पाणी घोट घोट प्यावे.
* रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. गोळीनंतर भूक चाळवत असेल, तर गोळीची वेळ बदलता येईल का, हे विचारावे. बिस्किटे, फरसाण हाताशी ठेवू नये; उसळी, ताक, भाज्या, फळे यांवर भर द्यावा.
* रोज अर्धा तास भरभर चालावे. त्याने वजनाला आळा बसतो आणि उदासीही ओसरते.
* 'महिन्यात दहा किलो कमी' अशा जाहिरातींच्या नादी लागू नये. अशा काही चूर्णांत सिब्युट्रामिन मिसळलेले आढळले आहे. हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलेले हे औषध नैराश्यावरील गोळ्यांबरोबर अधिकच घातक ठरू शकते.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. आजारातून उठणाऱ्या माणसाच्या देहावर शेरेबाजी करू नये. 'जाड झालीस' या दोन शब्दांनी महिन्यांचे उपचार थांबलेले आहेत. त्याऐवजी संध्याकाळी त्याच्याबरोबर फिरायला निघावे. मन फारच खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते.

वजन वाढण्याची तक्रार क्षुल्लक नाही आणि ती करण्यात संकोचही नको. ती डॉक्टरांच्या कानावर घातली, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. मनात ठेवून गोळी सोडली, तर मात्र सावरलेले मन पुन्हा ढासळण्याचा धोका असतो.