मुक्ता साळवेचे ‘आम्ही’

लहान मूल स्वतःची ओळख नाव, कपडे, खेळणी यांवरून करून देते. थोडे मोठे झाले की ते इतरांशी तुलना करते. किशोरवयात मात्र आपण कोणत्या समाजाचे, आणि त्याची स्थिती अशी का, हे प्रश्न पडू लागतात. पुण्यात या टप्प्याचा एक जुना लेखी पुरावा आहे.

फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या किशोरवयीन मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. पेशवाईतील अन्यायाचा दस्तऐवज म्हणून तो आपण वाचतो. मला त्यात एक घडते मनही दिसते. मुक्ता केवळ स्वतःची कहाणी सांगत नाही. ‘आम्ही’ म्हणून बोलते. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. महारही मांगांना कमी लेखतात, हे ती लपवत नाही. अखेरीस आपल्या माणसांना शिकायला सांगते.

जातीची ओळख तिला जन्माबरोबर मिळाली होती. ती ओळख तपासण्याची भाषा शाळेने दिली. ही भाषा नुसत्या वाढत्या वयाने येत नाही. त्या काळी तिच्या वयाच्या बहुतेक मुलींना शाळेची पायरीही चढता आली नाही. त्यांच्या मनातले ‘आम्ही’ कागदावर उतरलेच नाही.