मिमोसाच्या पेल्यातले वऱ्हाड : फेसाळ वाइन, संत्रा आणि एका कडवट रसाचा इतिहास

१/ रविवारी उशिरा घेतली जाणारी भरपेट न्याहारी म्हणजे ब्रंच. या ब्रंचबरोबर जगभरच्या हॉटेलांत जे पेय हटकून येते, त्याचे नाव मिमोसा : निम्मा संत्र्याचा रस आणि निम्मी फेसाळ वाइन. हे दोन्ही घटक महाराष्ट्रात तयार होतात. वाइन नाशिक-पुण्याकडे, संत्रा अमरावती-अकोल्याकडे. तरीही या पेल्याच्या इतिहासात वऱ्हाडचे नाव कोठे येत नाही. असे का झाले, याचा हा धागा.

२/ आरंभ वाइनपासून. वाइनमध्ये बुडबुडे आणण्याचा शोध दों पेरिन्यों या फ्रेंच धर्मगुरूने लावला, अशी आख्यायिका आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याची रीत त्यात नोंदलेली आहे. पेरिन्यों स्वतः तर बुडबुड्यांना वाइनचा दोषच मानत असे.

३/ या रीतीमागचे तत्त्व सोपे आहे. तयार वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून बाटली घट्ट बंद केली की आत पुन्हा किण्वन सुरू होते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, म्हणून वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून हा अडीचपटीच्या वर भरतो. म्हणूनच जाड काच आणि तारेने जखडलेले बूच यांच्याविना शॅम्पेनचा व्यापार उभा राहणे शक्य नव्हते.

४/ 'ब्रंच' हा शब्द मात्र बराच अलीकडचा. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका नियतकालिकात त्याचा पुरस्कार केला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्याने रविवारी भल्या सकाळी न्याहारीला का उठावे, असा त्याचा मिस्कील प्रश्न होता. न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करावे आणि गप्पांना भरपूर वेळ द्यावा, ही त्याची सूचना पुढे अमेरिकेत फार लोकप्रिय झाली.

५/ या वेळेला साजेशी पेये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली. १९२१ साली लंडनच्या बक्स क्लबमध्ये 'बक्स फिझ' तयार झाले : दोन भाग शॅम्पेन, एक भाग संत्र्याचा रस. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातील फ्रँक मायर या मद्यवाढप्याचे नाव १९२५ च्या सुमारास मिमोसाशी जोडले जाते. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी याने पीचचा गर आणि फेसाळ वाइन एकत्र करून 'बेल्लिनी' केले. चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनीच्या चित्रांतील गुलाबी छटेवरून हे नाव पडले, असे सांगतात.

६/ 'मिमोसा' हे नाव एका झाडाच्या पिवळ्या, गोंडेदार फुलांवरून आले. वऱ्हाडी माणसाला ते फूल डोळ्यांपुढे आणायला कष्ट नकोत. आपल्या बांधावरची बाभूळ त्याच कुळातली. १७५३ साली लिनिअसने बाभळीचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा तिला 'मिमोसा' याच प्रजातीत घातले होते. रिट्झमधल्या पेल्याचा रंग आणि पावसाळ्यात फुललेल्या बाभळीचा रंग यांचे नाते असे जवळचे आहे.

७/ आता संत्रा. नागपूरकर भोसल्यांपैकी रघूजींनी औरंगाबादेकडून संत्र्याची रोपे आणून नागपुरात लावली, असे परंपरा सांगते. तेथून हे झाड वर्धा नदीच्या खोऱ्यात पसरले. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुके आणि अकोल्यातील अकोट हा भाग संत्र्याने ओळखला जाऊ लागला. वरुडला तर 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' ही पदवीच मिळाली. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतील जंभेरीवर बांधलेल्या कलमा दूरवर जातात.

८/ वऱ्हाडात त्याआधी राज्य होते कापसाचे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, आणि त्याच दशकात रेल्वेही या मुलखात पोचली. कापूस गाठीत बांधून महिनोन्महिने ठेवता येतो. संत्र्याचे तसे नाही. झाडावरून उतरले की त्याचे दिवस भरू लागतात. जे पीक थांबत नाही, त्याच्या मालकाला भावासाठीही थांबता येत नाही.

९/ यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे रस काढून साठवणे. १९४० च्या दशकात फ्लोरिडातील शास्त्रज्ञांनी निर्वात यंत्रात रस आटवून गोठवण्याची पद्धत सिद्ध केली. पाणी घातले की पुन्हा रस तयार. त्यामुळे संत्र्याचा रस अमेरिकेच्या घरोघरी रोजच्या न्याहारीचा भाग झाला, आणि बारमाही रस हाताशी आल्यावर मिमोसाही सोपा झाला. पुढे ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांताने या व्यापारात आघाडी घेतली.

१०/ मग वऱ्हाडात हेच का झाले नाही? मुख्य कारण फळाच्या जातीत आहे. फ्लोरिडा आणि ब्राझीलचे फळ आपल्या मोसंबीच्या जातकुळीचे : साल घट्ट, रस टिकाऊ. नागपुरी संत्रा मँडरीन वर्गातला : साल सैल, फोडी सुट्या, सोलून खाण्यास उत्तम. पण त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होऊ लागतो, आणि तापवला तर अधिकच लवकर.

११/ या कडवटपणाचे कारण लिमोनिन हे द्रव्य. अखंड फळात त्याचे पूर्वरूप असते आणि त्याला चव नसते. फोडींच्या पेशी फुटल्या की रसातील आम्लामुळे त्याचे लिमोनिन बनते. बियांत आणि पांढऱ्या धाग्यांत ते विशेष. विशिष्ट राळेतून रस गाळून कडवटपणा घालवण्याचे तंत्र जगात आहे, पण त्याने खर्च वाढतो. खाण्यासाठी चांगला भाव मिळणारे फळ त्यासाठी कारखान्याला देणे परवडत नाही. लहान आणि डागी फळांवर कारखाना नियमित चालत नाही.

१२/ म्हणून संत्रा ताज्या फळाच्या बाजारावरच अवलंबून राहिला, आणि तेथील प्रत्येक धक्का थेट बागेत जाणवतो. बांगलादेश हा वऱ्हाडी संत्र्याचा मोठा ग्राहक. त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले, तशी निर्यात आटली आणि तोच माल देशातील बाजारांत कोसळला. शिवाय डिंक्या, कोळशी, फळगळ हे नेहमीचे वैरी आहेतच. बागा जगवण्यासाठी वरुड-मोर्शीच्या विहिरी व बोअर किती खोल गेल्या, हे तेथील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१३/ याच काळात राज्याच्या दुसऱ्या टोकाला द्राक्षांचे नशीब उघडत होते. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली, आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी गेली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे स्वतंत्र धोरण आणले, वाइनला करांत सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क ठरले. सुला, शांदों अशी नावे नाशिकला जोडली गेली. संत्र्याला असे धोरण आणि असा उद्योग लाभला नाही. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले, मालाचे झाले नाही.

१४/ वऱ्हाडात मद्याचा विचार आणखी एका कारणाने अवघड आहे. ही गाडगेबाबांची आणि तुकडोजी महाराजांची भूमी. गाडगेबाबांचे वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले, असे चरित्रकार सांगतात. बाबांनी जन्मभर कीर्तनातून त्या व्यसनावर कोरडे ओढले. वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा शेतकऱ्यांचे हित हेच कारण पुढे केले गेले, आणि त्याला विरोधही तितकाच तीव्र झाला. शेतकऱ्याचे उत्पन्न आणि शेतकऱ्याच्या घरातले व्यसन हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाचे उत्तर देताना दुसरा झाकता येत नाही.

१५/ तरीही या कथेत संत्र्याच्या बाजूची एक गोष्ट आहे. साठवणीत हरणारा नागपुरी संत्रा ताज्या रसात जिंकतो. मिमोसा हे पेय मुळातच आयत्या वेळी करण्याचे. रस हलक्या हाताने, बिया न चिरडता काढावा. मिक्सर टाळावा, कारण त्यात बिया आणि धागे भरडले जातात. मग रस गाळावा. गाळण्याचे कारण दुहेरी : कडवटपणा कमी होतो, आणि चोथ्याच्या कणांवर वायू एकदम सुटून पेला उतू जाण्याची भीती राहत नाही. रस व वाइन दोन्ही थंडगार असावीत, कारण थंड द्रवात वायू अधिक काळ विरघळून राहतो. आपला संत्रा गोड, म्हणून वाइन कोरडी, म्हणजे कमी साखरेची, घ्यावी. पेला कलता धरून ती सावकाश ओतावी.

१६/ ज्यांना मद्य नको, त्यांच्यासाठी हाच पेला सोड्यानेही होतो, आणि त्याचा इतिहासही लहान नाही. लंडनच्या हायरम कॉडने १८७२ साली ज्या बाटलीचे पेटंट घेतले, तीच आपली गोटी सोड्याची बाटली. आतल्या वायूचा दाबच काचेची गोटी रबरी कड्यावर दाबून धरतो, बूच लागत नाही. शॅम्पेनवाल्यांनी तारेने सोडवलेला प्रश्न कॉडने गोटीने सोडवला. ताजा संत्रा, चिमूटभर काळे मीठ आणि सोडा, एवढ्यावर वऱ्हाडातले ब्रंच पुरे होते.

१७/ इतिहासाचा निष्कर्ष एवढाच की फळाच्या स्वभावाशी जुळेल असाच उद्योग टिकतो. फ्लोरिडाने आपल्या फळाला साजेसे तंत्र घडवले, नाशिकने द्राक्षाला साजेसे धोरण मिळवले. वऱ्हाडात मात्र बराच काळ दुसऱ्याच्या फळासाठी बनलेल्या कारखान्याची वाट पाहिली गेली. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था १९८५ पासून या झाडावर काम करीत आहेत. कडवटपणावर स्वस्त उतारा, किंवा ताजा रस शहरांपर्यंत जलद पोचवण्याची साखळी, यांपैकी एक तरी उभी राहिली, तर ट्रकमधून मातीमोल भावाने जाणाऱ्या संत्र्याला त्याचे मोल मिळेल. मग तो पेल्यात वाइनबरोबर जावो की सोड्याबरोबर.