दौलताबादचा हौद

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातले महाड, काळाराम, येवला आणि नागपूर हे टप्पे आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनाही तोंडपाठ आहेत. जयंतीला भाषण करायला उभं राहिलेलं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा तारखा धडाधड सांगतं. पण आपल्या नाशिकहूनच निघालेली आणि दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजात अडलेली बाबासाहेबांची एक सहल आहे, तिच्याविषयी आपल्यात फारसं कोणी बोलत नाही. ती १९३४ सालची. विहाराच्या या स्मरणिकेत तिची नोंद राहावी असं आम्हांला वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही हकीकत ऐकीव नाही. बाबासाहेबांनी ती स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोटेखानी हस्तलिखितात ती आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून प्रसिद्ध केलं. पुढे १९९३ साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या १२ व्या खंडात ते आलं. म्हणजे घटना घडल्यापासून छापून येईपर्यंत तब्बल ५६ वर्षं गेली. काळारामाच्या दारात मार खाल्लेल्या पिढीतली कितीतरी माणसं तोवर निघून गेली होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड तर १९७१ सालीच गेले.

त्या वेळचं नाशिक कसं होतं ते आधी ध्यानात घेतलं पाहिजे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ९ एप्रिलला रथाच्या वेळी दगडफेक झाली. नंतरही वर्षानुवर्षं लढा चालूच राहिला, पण देवळाचे दरवाजे काही उघडले नाहीत. मधल्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाऊन आले होते, १९३२ चा पुणे करार होऊन गेला होता. साऱ्या जगाला त्यांचं नाव ठाऊक झालं होतं. आणि तरीही वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या या माणसाला प्रवास गुपचूप करावा लागत होता.

कल्पना चळवळीतल्या सहकाऱ्यांची. कुठेतरी फिरायला जाऊ, तुम्हीही चला, असा त्यांचा आग्रह. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी काहीही करून पाहायचीच, हे मात्र आधीच ठरलं. बाबासाहेबांनी नाशिकला यायचं, बाकीच्यांनी तिथे त्यांना मिळायचं आणि मग पुढे निघायचं. एक बस आणि एक मोटार, माणसं सुमारे तीस. रस्ता येवल्यावरून. तिथून पुढे निजामाचं राज्य लागायचं. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता, कारण आडगावात अस्पृश्य प्रवाशाला काय सोसावं लागतं हे सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं. जिथे थांबायचं होतं तिथल्याच आपल्या लोकांना तेवढं कळवलेलं.

दौलताबादला आपली माणसं गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभी होती. चहा-फराळ करा आणि मग किल्ल्यावर जा, असं त्यांचं म्हणणं. चहाची तल्लफ सगळ्यांनाच होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून व्हायला हवा होता. परत येताना चहा घेतो म्हणून सांगून मंडळी पुढे गेली.

रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक छोटा हौद, काठोकाठ भरलेला, भोवती दगडी फरसबंदी. दिवसभरच्या धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी तिथे हातपाय, तोंड धुतलं. त्यात विशेष ते काय? मग सगळे दरवाजात गेले, शिपायांना परवानगीचं विचारू लागले. इतक्यात पांढरी दाढी असलेला एक म्हातारा मागून ओरडत आला, की धेडांनी हौद बाटवला! बघता बघता गर्दी जमली. शिव्यांना पारावार राहिला नाही. आम्ही परगावचे, इथली रीत आम्हांला ठाऊक नाही, असं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण!

इथे एक गोष्ट घडली, ती आम्हांला सगळ्यात जास्त बोचते. एव्हाना गावातली आपली माणसं मागून येऊन पोचली होती. गर्दीचा राग त्यांच्यावर उलटला. या परक्या लोकांना तुम्ही आधी का सांगितलं नाही, म्हणून त्यांना फैलावर घेतलं. हात धुतले तेव्हा ती बिचारी तिथे नव्हतीसुद्धा. तरी शिव्या त्यांनीच खाल्ल्या. पाहुणे संध्याकाळी निघून जाणार, यांना मात्र उद्या याच गावात राहायचं होतं. बाबासाहेबांनी हे पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. एवढ्या गडबडीत त्या अनाम गरिबांवर काय गुदरलं ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

शिव्या इतक्या घाणेरड्या होत्या की मारामारी व्हायला, अगदी खून पडायलाही वेळ लागला नसता. पण मंडळींनी स्वतःला आवरलं. फौजदारी खटल्यात अडकून सहल मोडायची नव्हती. गर्दीतला एक तरुण एकच पालुपद लावून होता, की ज्याने त्याने आपापल्या धर्माप्रमाणे वागावं. तेव्हा बाबासाहेबांचा संयम सुटत आला. त्यांनी त्याला रागानेच विचारलं, की तुझा धर्म हेच शिकवतो काय? आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवशील काय?

गर्दी गप्प झाली. कुणापाशी उत्तर नव्हतं.

त्यानंतर पहारेकऱ्याने नाव मागितलं, चिठ्ठी आत गेली आणि हुकूम आला, की किल्ला पाहा, पण आतल्या पाण्याला कुठेही हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. पाण्याच्या पहाऱ्यावर बंदूक! महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्याला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती.

या अनुभवातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष सरळ आहे. जो हिंदूंना अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्य. काही जण आता ही हकीकत एका समाजाला दोष देण्यापुरती सांगतात. आम्हांला ते पटत नाही. त्याच लिखाणात बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्याची हकीकत आहे. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्याने टांगा हाकायला नकार दिला, अडाणी हातात लगाम गेला आणि बाबासाहेब खाली पडून जायबंदी झाले, तेही आहे. लहानपणी मसूर स्टेशनावरून गोरेगावला जाताना डबे अन्नाने भरलेले असूनही, केवळ पाणी मिळालं नाही म्हणून भावंडं उपाशी झोपली, तेही आहे. रोग एका घरातला नव्हता. आणि दौलताबादच्या दरवाजात बाबासाहेबांनी धर्माला शिवी दिली नाही. त्या तरुणाने उच्चारलेला धर्म हा शब्द उचलून त्यांनी त्यालाच परत विचारला. माणूस तोच, हात तोच, पाणीही तेच. नुसतं नाव बदलल्यावर विटाळ जात असेल, तर तो विटाळ होता कुठे?

पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच रस्त्यावरच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि काळारामाचा सत्याग्रहही थांबवला गेला. एका हौदामुळे घोषणा झाली असं आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे काळारामाची सगळी वर्षं होती. पण घोषणेनंतर कोणता धर्म घ्यायचा हे ठरवायला बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, एकवीस वर्षं घेतली. लोक विचारतात, एवढा वेळ का? दौलताबादची हकीकत वाचल्यावर आम्हांला तो वेळ जास्त वाटत नाही. दार बदललं तरी उंबऱ्यावर तोच विटाळ भेटू शकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

दौलताबादहून जवळच असलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढलं. त्याला नाव दिलं मिलिंद, भदंत नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. तो परिसर नागसेनवन. आपल्या जिल्ह्यातली मुलंही तिथे शिकून आली.

मागे एका वर्षावासात रविवारच्या वाचनाला आम्ही ही हकीकत मराठीत करून वाचली. वाचून झाल्यावर पुढे बसलेल्या एका आजीने विचारलं, "आपल्या लोकांनी चहा ठेवला व्हता ना, मग तो पिऊन गेले का बाबासाहेब?" ते काही त्यांनी लिहिलेलं नाही, हत्यारबंद शिपायापाशीच हकीकत संपते, असं सांगितलं. आजीला ते पटेना. ज्यांनी आपल्यापायी शिव्या खाल्ल्या त्यांच्या घरचा चहा बाबासाहेब सोडतील व्हय, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या गावची विहीर सांगितली. वरून पाणी कोण ओतायचं, खाली ओंजळ धरून किती वेळ थांबायचं. त्यांचं झालं तशी दुसऱ्या बाईने आपली सांगितली, मग तिसरीने. त्या रविवारी पुढचं वाचन राहूनच गेलं.