सेन्सॉरच्या दप्तरांतील शिपाई

१९१४ च्या सप्टेंबरांत पहिल्या महायुद्धासाठीं हिंदी फौज फ्रान्समध्यें मार्सेल्स बंदरावर उतरली. तींतील पुष्कळ शिपायांस लिहितां येत नसे. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. लष्करी कार्डावर खुशालीचीं व इस्पितळाचीं वाक्यें छापलेलींच असत. नको तीं खोडावयाचीं. तारीख-सहीखेरीज कांहीं लिहिल्यास कार्ड नष्ट करण्यांत येई.

पत्रें सेन्सॉर वाची. म्हणून हिंदी शिपायांस काळीं मिरीं व गोऱ्यांस लाल मिरची म्हणावयाचें, आणि मिरीं संपत आल्याचें घरीं कळवावयाचें, अशी युक्ति निघाली. सेन्सॉरनें तीही ओळखली!

फौजेच्या मनाचा ठाव घेण्यासाठीं निवडक उताऱ्यांचीं इंग्रजी भाषांतरें सरकारी अहवालांस जोडलीं जात. मूळ पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं. अहवाल मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. शिपायाचे शब्द तेथें लेखनिक, सेन्सॉर व भाषांतरकार अशा तिघांच्या हातांतून आलेले आढळतात. यास्तव अभ्यासकानें त्यांतील मजकुराइतकेंच त्यांतील मौनही वाचलें पाहिजे. तथापि ज्यांनीं आपला इतिहास स्वतः लिहिला नाहीं, त्यांचें सुखदुःख आज कळतें तें मुख्यतः या संशयी दप्तरामुळेंच.