त्या मेलेल्या माणसाचे नाव काय?

आल्बेर कामूची ‘द आउटसायडर’ आपल्याकडे आली ती अस्तित्ववादाचे बोट धरून. मूळ फ्रेंच कादंबरी १९४२ ची. आपल्या साठोत्तरी चर्चेने तिच्यातून एकाकीपण घेतले, परात्मता घेतली, जगण्याची निरर्थकता घेतली. मी ती इंग्रजीतून वाचली तेव्हा माझ्यापुढे मात्र साधाच प्रश्न उभा राहिला. समुद्रकाठी मेर्सोच्या पाच गोळ्यांनी जो माणूस मेला, त्याचे नाव काय? पुस्तक पुन्हा चाळले. नाव नाही. तो फक्त ‘अरब’ आहे. त्याच्या बहिणीलाही नाव नाही. खटला चालतो, पण साक्षीला एकही अरब येत नाही. आणि सरकारी वकील जोर देतो तो कशावर? आरोपी आईच्या मयताला रडला नाही यावर!

जातीच्या नावानेच हाक ऐकत जो वाढला, त्याची नजर आधी तिथेच जाणार.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियात पाय रोवला. १८८१ मध्ये फक्त ‘देशी’ माणसांना लागू होणारे कायदे आले. न्यायासनापुढे न नेता अंमलदारच शिक्षा देऊ शके. अशा मुलखात अरबाला मारले म्हणून गोऱ्याला फाशी होईल, हे वाचकाच्या गळी उतरवायचे कसे? मला वाटते, आईचे मयत कामूच्या कामी आले ते इथे.

कामू काही सुखवस्तू घरातला नव्हता. जन्म १९१३ चा. बाप १९१४ मध्ये महायुद्धात मेला. आई निरक्षर, लोकांच्या घरची साफसफाई करणारी. शाळेतल्या एका शिक्षकाने हात दिला म्हणून तो शिकला, आणि १९५७ च्या नोबेल पारितोषिकाची भाषणे त्याने त्याच शिक्षकाला अर्पण केली. हे वाचताना तो आपल्यातलाच वाटतो. १९३९ मध्ये पत्रकार म्हणून त्याने काबिली भागातल्या उपासमारीवर लेखमालाही लिहिली होती. म्हणजे त्याने पाहिले नव्हते असे नाही. मग कादंबरीत नाव का गळाले? बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता इथे आठवते. खालच्या पायरीवरच्या माणसालाही आपल्याखाली कोणीतरी असते, आणि त्याचे नाव विचारण्याची त्याला गरज पडत नाही. कोणी म्हणेल, नाव न देणे हीच वसाहतवादावरची टीका आहे. असेलही. पण आपल्याकडच्या चर्चेत ती मला क्वचितच भेटली.

अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. नाव मिळायला मात्र २०१३ उजाडले. अल्जीरियाचाच कामेल दाऊद याने मेलेल्या अरबाच्या भावाला, हारूनला, बोलते केले. हारून सांगतो, माझ्या भावाचे नाव मूसा. पण दाऊद तिथेच थांबत नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच हारूनही एका फ्रेंच माणसाला गोळी घालतो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा सवाल एवढाच, हे काम तू लढाई चालू असताना का केले नाहीस? हारूनच्या हातून मेलेल्या त्या फ्रेंच माणसाला दाऊदने नाव दिले आहे. जोसेफ.