मुक्या घसरणीला वाचा फुटली

कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावर आणि शेजारच्या अमेरिकी किनाऱ्यावर खडकात पक्के रोवलेले जीपीएसचे खांब १९९९ च्या उन्हाळ्यात काही दिवस उलटे चालले. एरवी ते खंडाच्या आत, ईशान्येकडे सरकतात. समुद्रतळाचा हुआन द फुका भूपट्ट वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने उत्तर अमेरिकेखाली शिरतो आणि वरच्या जमिनीला चिकटल्यामुळे तिलाही रेटत नेतो. १७०० साली ही पकड एकदम सुटली, तेव्हाच्या भूकंपाची लाट जपानपर्यंत पोचली. यावेळी खांब काही मिलिमीटर समुद्राकडे वळले, आणि भूकंपमापक गप्प!

एकच खांब वळला असता तर दोष यंत्रावर ढकलता आला असता. इथे वळले सात. हर्ब ड्रॅगर्ट, केलिन वांग आणि थॉमस जेम्स या संशोधकांनी २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला: खोलवर, ५० बाय ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, सुमारे २ सेंटिमीटर घसरण. झटक्यात झाली असती तर ६.७ तीव्रतेचा भूकंप. तिला त्यांनी ‘मूक’ म्हटलं. पहिलेपणाचा मान मात्र त्यांचा नाही. बुंगो सामुद्रधुनीत १९९७ मध्ये झालेली अशीच संथ घसरण जपान्यांनी आपल्या दाट जीपीएस जाळ्यातून १९९९ सालीच दाखवली होती.

रिक्षावाल्याला भलत्याच गल्लीत नेणारा जीपीएस मिलिमीटर कसा मोजतो? फोन उपग्रहाच्या संदेशातल्या सांकेतिक खुणा वाचतो. हे खांब त्या संदेशाच्या १९ सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा अंशही मोजतात, वर दिवसभराच्या नोंदींची सरासरी काढतात. हलायचं नाही, हेच त्यांचं काम.

‘मूक’ हे नाव फार टिकलं नाही. भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारांना जपानच्या नैर्ऋत्य भागात जमिनीखाली सुमारे ३० किलोमीटरवर मंद, लांबलेली थरथर सापडली. वर ज्वालामुखी नसताना. हे २००२ साली. पुढच्याच वर्षी गॅरी रॉजर्स आणि ड्रॅगर्ट यांनी दाखवलं, की व्हँकूव्हर बेटाखालीही दर १४ महिन्यांच्या आसपास खांब उलटे फिरतात त्याच दिवसांत ही थरथर होते. मुकी घसरण कुजबुजत होती. जपानी नाव जास्त प्रामाणिक: युक्कुरी सुबेरी, सावकाश घसरण.

वरचा, १७०० पासून अडकलेला पट्टा मात्र अजून सुटलेला नाही. खालची प्रत्येक घसरण त्याच्यावरचा ताण थोडा वाढवते.