आंतरजालीय चलच्चित्रण व कॅमेऱ्याची निवड

आंतरजालीय चलच्चित्रण म्हणजे आंतरजालावरून दाखविण्यासाठी हलती चित्रे (व्हिडिओ) घेणे. अशा चित्राचा दर्जा एकट्या कॅमेऱ्यावर अवलंबून नसतो. विषयावरील प्रकाश, भिंग, प्रकाशसंवेदक, संपीडन (चित्राच्या माहितीचे आकारमान कमी करणे), जालाची वहनक्षमता आणि पाहणाऱ्याचा पडदा अशी ही साखळी असून तिच्यातील सर्वांत दुबळा दुवा अंतिम दर्जा ठरवितो. हा दुवा काळानुसार बदलत गेला व त्याबरोबर कॅमेरा निवडण्याच्या कसोट्याही बदलल्या.

पूर्वपीठिका : दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा, हाताने फिरवावयाचा कॅमेरा विकत घेतला आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा लघुपट घेऊन त्याची कुवत भांडवल पुरविणाऱ्यास पटवून दिली. त्या काळी फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता कमी असल्याने सूर्यप्रकाश ही मुख्य मर्यादा होती. १९६७ मध्ये सोनी कंपनीने एका व्यक्तीस वाहून नेता येईल असा ‘पोर्टापॅक’ हा संच बाजारात आणला. त्याचे चित्र कृष्णधवल व सामान्य प्रतीचे होते. परंतु फीत धुवावी लागत नसे आणि घेतलेले चित्र तत्काळ पाहता येई. १९९५ मध्ये प्रचारात आलेल्या डीव्ही पद्धतीमुळे चित्रे अंकीय स्वरूपात थेट संगणकात घेता येऊ लागली. १९९८ चा फेस्टेन हा डॅनिश चित्रपट अशाच घरगुती वापराच्या लहान कॅमेऱ्याने चित्रित झाला होता.

जालाची मर्यादा : यूट्यूब या संकेतस्थळावरील पहिले चित्रण २३ एप्रिल २००५ रोजी चढविण्यात आले, ते १९ सेकंदांचे होते. त्या काळी तेथे चित्र ३२० × २४० चित्रबिंदूंत दाखविले जाई. डीव्ही कॅमेऱ्याचे चित्र ७२० × ५७६ चित्रबिंदूंचे असल्याने त्याचा बहुतेक तपशील वाटेतच गळून पडे. अशा स्थितीत महागड्या कॅमेऱ्यावर केलेला खर्च बव्हंशी वाया जात असे. २००८ मध्ये १,२८० × ७२० व २००९ मध्ये १,९२० × १,०८० चित्रबिंदूंची चित्रे दाखविण्याची सोय झाल्यावर मात्र कॅमेऱ्यांतील फरक पाहणाऱ्याच्या नजरेस येऊ लागला.

मोठे संवेदक : २००८ हे वर्ष दुसऱ्या एका कारणानेही महत्त्वाचे आहे. स्थिरचित्रांसाठी बनविलेल्या निकॉन डी ९० व कॅनन ५ डी मार्क २ या कॅमेऱ्यांत त्या वर्षी चलच्चित्रणाची सोय आली. दुसऱ्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ × २४ मिमी. आकाराचा होता. लहान खिशातील कॅमेऱ्यांत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या संवेदकाच्या सुमारे तीस पट क्षेत्रफळ त्यास लाभल्यामुळे मंद प्रकाशातही स्वच्छ चित्र मिळे. तथापि त्याचे दोषही होते. चित्रण एका वेळी सुमारे बारा मिनिटेच चाले आणि हलणाऱ्या विषयावर केंद्रीकरण आपोआप टिकून राहत नसे. एकट्याने कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या व्यक्तीस ही मोठीच अडचण होती. कॅननने २०१३ मध्ये ७० डी या कॅमेऱ्यात ती बऱ्याच अंशी दूर केली.

चित्रबिंदूंची अधिक संख्या म्हणजे अधिक दर्जा, हा समज मात्र टिकून राहिला. १,९२० × १,०८० आकाराच्या चित्रात सुमारे २१ लाख चित्रबिंदू असतात. ५ डी मार्क २ मध्ये ते सु. २ कोटी १० लाख होते. चलच्चित्रण करताना हा कॅमेरा संवेदकाच्या काही ओळी वगळून वाची, त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर भासमान लहरी उमटत. याउलट २०१४ मध्ये सोनीने आणलेल्या ए ७ एस या कॅमेऱ्यात सु. १ कोटी २२ लाखच चित्रबिंदू होते. परंतु प्रत्येक बिंदू मोठा असल्याने तो अंधारातील चित्रणासाठी नावाजला गेला.

संपीडनाचा परिणाम : उपरोक्त आकाराची सेकंदास २५ चित्रे असंपीडित पाठवावयाची झाल्यास सेकंदास सु. १२४ कोटी द्विमान अंक (बिट) लागतात. संपीडनानंतर ही संख्या ८० लाखांच्या आसपास आणली जाते. लागोपाठच्या चित्रांतील न बदलणारा भाग पुन्हा न पाठविणे, हे या काटकसरीचे मुख्य तत्त्व होय. अपुऱ्या प्रकाशात चित्रावर उमटणारे दाणेदार ठिपके प्रत्येक चित्रात वेगळे असतात. ते पाठविण्यातच उपलब्ध अंक खर्ची पडतात व चेहऱ्याचा तपशील पुसट होतो. म्हणूनच भरपूर प्रकाशातील साध्या कॅमेऱ्याचे चित्र अंधाऱ्या खोलीतील महागड्या कॅमेऱ्याच्या चित्राहून पुष्कळदा सरस ठरते.

भ्रमणध्वनी व नंतरचा काळ : २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला टँजरीन हा अमेरिकी चित्रपट आयफोन ५ एस या भ्रमणध्वनीवर चित्रित झाला. २०२० मध्ये कोरोना महासाथीमुळे अध्यापन व सभा घरून होऊ लागल्या, तेव्हा अनेक उत्पादकांनी स्थिरचित्र-कॅमेरे संगणकास जोडता यावेत यासाठी आज्ञावली उपलब्ध करून दिल्या.

या इतिहासावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम विषय व प्रकाश, मग ध्वनिग्रहणाची सोय, भिंग आणि संवेदकाचा आकार, व सर्वांत शेवटी चित्रबिंदूंची संख्या पाहणे इष्ट होय. मर्यादित पैसा असलेल्या शिक्षकाने किंवा कलावंताने तो आधी दिवा व ध्वनिग्राहक यांवर खर्च केल्यास हाताशी असलेल्या भ्रमणध्वनीचेही चित्र समाधानकारक होते.